पदवीशिवाय अक्षर शिकवायला बसलेल्या एका ताईंचं प्रकरण

ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे त्यांचं नाव देत नाही. त्यांचे विद्यार्थी त्यांना ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. बारावीनंतर ताईंचं शिक्षण थांबलं. पुढची बरीच वर्षं त्यांनी प्रमाणपत्रांवर नावं लिहिणं, कार्यक्रमांचे फलक लिहिणं, जुन्या नोंदवह्या उतरवून देणं अशी कामं केली. अक्षर मोत्यासारखं. ओळखीतले लोक मुलांच्या वह्या घेऊन येत आणि म्हणत, 'याच्या हाताला जरा वळण लावा.' अशी चार-दोन मुलं येऊन गेल्यावर ताईंच्या मनाने घेतलं की हेच काम धरावं. अडचण एकच होती. कोणी विचारलं, 'तुमचं शिक्षण काय?' तर काय सांगायचं?

हा प्रश्न घेऊन त्या माझ्याकडे आल्या. अक्षर शिकवू पाहणाऱ्यांची तयारी करून घेण्याचं काम मी करतो. पदवी नसलेले लोक बहुतेक वेळा पदवीला पर्याय शोधत येतात: एखादं सर्टिफिकेट, महिनाभराचा एखादा कोर्स, भिंतीवर लावता येईल असं काहीतरी. ताईंचंही तसंच होतं. मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, की तुमची खरी उणीव पदवीची नाही. तुमचं अक्षर इतकं चांगलं आहे की दुसऱ्याचं अक्षर का बिघडतं हे निरखून बघायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही. ती सवय आधी लावून घ्या, सर्टिफिकेटचं मागाहून बघू. हे त्यांना तेव्हा फारसं पटलं नाही. पहिल्या विद्यार्थ्यानंतर पटलं.

पदवी कुठे लागते, कुठे नाही

हा भाग थोडक्यात उरकतो. शाळेत पगारी शिक्षक म्हणून नेमणूक हवी असेल, तर बहुतेक देशांत पदवी आणि अध्यापनाची पात्रता मागतात. तिथे चांगल्या अक्षराने भागत नाही. खासगी शिकवणीची गोष्ट वेगळी. घरी किंवा ऑनलाइन अक्षर शिकवायला पदवीची सक्ती सहसा नसते. नियम जागोजागी बदलतात, म्हणून व्यवसायाची नोंदणी आणि लहान मुलांसोबत काम करण्यासाठी लागणारी चारित्र्य पडताळणी या दोन गोष्टी आपापल्या ठिकाणी विचारून घ्याव्यात. ताईंनी सुरुवात तिथूनच केली.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आपण कोण नाही, हे ठरवून घेणं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा रीतसर शिकलेला आरोग्य व्यावसायिक असतो आणि अनेक देशांत ही उपाधी कायद्याने राखीव आहे. मुलाच्या हाताच्या हालचालींत दोष आहे का, त्याला लेखनाची अध्ययन अक्षमता आहे का, हे सांगणं त्या क्षेत्रातल्या लोकांचं काम. ताईंनी आपल्या माहितीपत्रकावर 'हस्ताक्षर शिक्षिका' एवढंच छापलं. 'तज्ज्ञ', 'थेरपी', 'उपचार' यांतला एकही शब्द त्यावर नाही.

त्यांचा धीर वाढावा म्हणून मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या शाळांत आणि व्यापारी कचेऱ्यांत जे वळण रूढ झालं, ते बसवणारा प्लॅट रॉजर्स स्पेन्सर (१८००–१८६४) अगदी तरुणपणीच लेखनाचे वर्ग घेऊ लागला होता. त्या काळी लेखनशिक्षक गावोगाव फिरून वर्ग घेत. त्यांची पारख त्यांच्या हातावरून आणि शिष्यांच्या वह्यांवरून व्हायची. मात्र तिथे येणारे पुष्कळसे विद्यार्थी पोटापाण्यासाठी आपण होऊन आलेले असत. आज समोर बसतं ते आठ-नऊ वर्षांचं मूल, आणि त्याला कोणीतरी हाताला धरून आणलेलं असतं. शिकवणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे पुष्कळ वाढते.

कित्ता सुंदर, वही तशीच

ताईंचा पहिला ठरवून घेतलेला विद्यार्थी चौथीतला मुलगा. आई सांगत होती, 'तोंडी विचारा, धडाधड उत्तरं देतो. लिहायला बसला की कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला.'

ताईंनी जे स्वतः लहानपणी केलं होतं तेच त्याला करायला लावलं. पानाच्या डोक्यावर आपल्या हाताने एक ओळ घालून द्यायची, खाली त्याने दहा ओळी काढायच्या. मुलगा समजूतदार होता, त्याने काढल्या. काही आठवड्यांत कित्त्याची पानं बघण्यासारखी झाली. आई खूश, ताईही खूश. मग एक दिवस आईने शाळेची वही आणून दाखवली. तिच्यात तसूभरही फरक नव्हता.

ताईंनी मला फोन केला. त्यांचं निदान तयार होतं: 'माझ्यासमोर नीट काढतो, शाळेत कंटाळा करतो. आळस आहे.' अक्षर शिकवणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकला की मला वाईट वाटतं. मूल आळशी असेलही. पण ते लिहीत असताना शेजारी बसून बघितल्याशिवाय तसं म्हणायचा अधिकार शिकवणाऱ्याला नाही. मी ताईंना सांगितलं, कित्ता आठवडाभर बंद. मुलगा उजव्या हाताने लिहितो ना, मग त्याच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे पेन्सिलीचं टोक दिसेल. एक वाक्य तोंडी सांगा, त्याच्या नेहमीच्या वेगात लिहू द्या आणि मध्ये बोलू नका.

वाक्य ताईंनीच रचलं होतं: 'आभाळात थवा दिसताच धाकटा भाऊ खाली धावत आला.' मुलाच्या वहीत जे उतरलं ते वाचताना असं दिसत होतं: 'आमाळात यवा दिसताच घाकटा माऊ रवाली घावत आला.'

शाळेत हे वाक्य लिहिलं असतं तर सहा लाल गोल पडले असते आणि शुद्धलेखन कच्चं असा शेरा मिळाला असता. खरं तर तसे शेरे मिळतच होते. ताईंनी त्याला विचारलं, 'भाऊमधलं पहिलं अक्षर कोणतं?' तो म्हणाला, 'भ. भोवऱ्यातला.' 'आणि खाली शब्दातलं?' 'ख. खडूतला.' म्हणजे शब्द त्याला अचूक येत होते. गडबड हाताच्या क्रमात होती. ताईंनी जे बघितलं ते असं: वाक्य ऐकलं की मुलगा आधी सरसर एक लांब शिरोरेघ ओढायचा आणि मग तिला खालून अक्षरं लावत जायचा. भ, ध आणि थ या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघेला खिंड लागते. रेघ आधीच पुरी ओढलेली असली की खिंड सोडायला जागाच उरत नाही. भ चा म होतो, ध चा घ, आणि घाईत थ ची वरची गाठ राहून गेली की य. ख मध्ये र चा पाय व च्या पोटाला जाऊन भिडायला हवा. तो मध्येच सुटला की वाचणाऱ्याला र आणि व वेगवेगळे दिसतात. शब्दांमधल्या मोकळ्या जागेचंही तेच. एकच रेघ पुढे पळत गेल्यामुळे कुठला शब्द कुठे संपतो हे कळत नव्हतं.

कित्ता काढताना यातलं काही दिसत नव्हतं, कारण तिथे तो लिहीत नव्हताच. वरचं अक्षर बघायचं, मान खाली घालायची, चित्र काढल्यासारखं काढायचं, पुन्हा वर बघायचं. शाळेत फळ्यावरचं उतरवताना एवढी सवड कुठली? तिथे हात आपल्या जुन्या वाटेने जायचा.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ताईंच्या हातात तेव्हाही पदवी नव्हती आणि पाऊण तासात त्यांनी जे शोधलं ते त्या मुलाच्या वह्या वर्षानुवर्षं तपासणाऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. यात त्या शिक्षकांना दोष देत नाही. चाळीस वह्या समोर असताना तयार झालेलं पानच दिसतं, लिहिणारा हात दिसत नाही.

उपाय काय केला

शिरोरेघ सगळ्यात शेवटी, शब्द पुरा झाल्यावर. आधी अक्षराचा डावीकडचा भाग, मग वरून खाली दांडा, मग पुढचं अक्षर. भ, ध, थ आला की रेघ ओढताना पेन्सिल उचलायची. हे ऐकायला सोपं आहे, पण तीन वर्षं मुरलेली सवय मोडायची म्हणजे वेळ लागतो. मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवायचं ताईंनी सोडून दिलं. ज्या अक्षरांत हाताची हालचाल सारखी असते ती एकत्र घेतली: व, ब, क यांचा एक गट, प, ष, फ यांचा एक, ट, ठ, ढ, द यांचा एक. एका गटातलं एक अक्षर नीट बसलं की बाकीच्यांना कमी वेळ लागतो.

गिरवणं आणि बघून उतरवणं कमी करायला मी सांगितलं, त्याला आधार आहे. व्हर्जिनिया बर्निंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पहिलीच्या मुलांना वेगवेगळ्या पद्धतींनी अक्षरं शिकवून बघितली. सगळ्यात सरस ठरली ती पद्धत साधी होती: रेषांचा क्रम दाखवणारे आकडे घातलेले बाण बघायचे, मग अक्षर झाकायचं आणि आठवून लिहायचं. २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या चित्रणाचा अभ्यास केला. मुलांनी अक्षर स्वतःच्या हाताने मोकळं लिहून शिकलेलं असेल तर ते बघताना वाचनाशी संबंधित भाग जागे होत होते. टाइप करून किंवा गिरवून शिकलेल्या अक्षरांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. ताईंनी हे 'बघ, झाक, लिही' अशा तीन शब्दांत बसवलं. मुलांना ते लगेच कळतं.

त्यांच्याकडे माती, मणी, दाबायचे चेंडू असं बरंच साहित्य जमलं होतं. कुठेतरी वाचलं होतं की बोटांत ताकद आली की अक्षर सुधारतं. तान्या सँटांजेलो आणि स्टीव्ह ग्रॅहॅम यांनी २०१६ मध्ये हस्ताक्षर शिकवण्याबद्दलच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. अक्षर शिकवल्याने वाचनीयता आणि ओघ वाढतो, इतकंच नव्हे तर मुलं जे लिहितात त्याचा दर्जाही सुधारतो, असं त्यात दिसलं. नुसत्या हातबोटांच्या व्यायामांनी मात्र अक्षरात फरक पडल्याचं दिसलं नाही. लहान मुलांना मातीत खेळू द्यावं, ते चांगलंच आहे. पण अक्षर सुधारण्याचा तास म्हणून पालकांना ते विकू नये, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. ते साहित्य त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

पकडीवरून मात्र आमचा थोडा वाद झाला. मुलगा पेन्सिल चार बोटांत धरायचा. अंगठा आणि दोन बोटं हीच एक बरोबर पकड, असं ताईंना लहानपणापासून शिकवलेलं. आईचाही तोच आग्रह. हायडी श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चौथीच्या मुलांमध्ये हे तपासलं होतं. तीन बोटांची किंवा चार बोटांची, अंगठा मोकळा किंवा आडवा, अशा चार प्रचलित पकडींमध्ये वाचनीयतेत आणि वेगात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणून मी ताईंना तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. लिहून हात दुखतो का? बोटांची टोकं पांढरी पडतात का? पानाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर अक्षरांचे उठाव लागतात का? मुलाचं दुखणं काही नव्हतं, पण उठाव मात्र ठळक होते. खुर्ची उंच असल्यामुळे त्याचे पाय लोंबकळत होते, आणि तोल सावरायला तो टेबलावर आणि पेन्सिलीवर रेलत होता. पायाखाली एक खोकं आलं, कडक पेन्सिलीच्या जागी मऊ २बी आली, वही किंचित तिरकी झाली. पकड आहे तशीच राहिली, आणि दाब कमी झाला.

सुरुवातीला वेग घटला. हे ताईंनी पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कोणी घाबरलं नाही. दर पंधरवड्याला तेच एक वाक्य, एक मिनिट, तारीख घालून. किती अक्षरं झाली आणि त्यांतली किती तिसऱ्या माणसाला न अडखळता वाचता आली, हे दोन आकडे. सत्र संपेपर्यंत वेग पहिल्या जागी आला आणि 'माऊ'चा 'भाऊ' झाला. त्याचं अक्षर सुंदर झालं का? नाही. वाचता यायला लागलं. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढंच हवं होतं.

डावखुरी मुलगी

जगात सुमारे दहा टक्के माणसं डावखुरी असतात, म्हणजे अक्षर शिकवणाऱ्याकडे असं मूल येणारच. ताईंकडे आलेली मुलगी मनगट वाकवून, वरून हात घालून लिहायची आणि स्वतःच्याच ओळी पुसत जायची. ताईंनी वही उजवीकडे झुकती ठेवली, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला लावली, दिवा उजव्या हाताला आणला. मुलं शेजारीशेजारी बसत तेव्हा तिला डाव्या टोकाची जागा दिली, म्हणजे कोपराला कोपर लागणार नाही.

शिरोरेघेचा प्रश्न उरला. डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे रेघ ओढणं म्हणजे टोक कागदात ढकलत नेणं. ते अडतं, कागद फाटतो. मुलगी आपण होऊनच ती उजवीकडून डावीकडे ओढायची आणि त्याबद्दल आधी ओरडाही खायची. ताईंनी विचारलं, 'हे मोडू का?' मी म्हटलं, मुळीच नको. रेघ शेवटी येते आहे, सरळ येते आहे आणि खिंडी सुटताहेत. बाकी ती कुठल्या बाजूने आली याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचं आहे?

हात आखडता घेण्याची वेळ

या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हा. पाचवीतला एक मुलगा आला. बोलायला लागला की मोठी माणसं ऐकत राहतील अशी समज. लिहायचं म्हटलं की पोटात दुखायला लागायचं. दोन ओळी झाल्या की हात झटकायचा. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला, आणि शिरोरेघेचा क्रम बदलूनही त्यात काही फरक नाही. बुटांच्या नाड्या बांधणं, बटणं लावणं यातही तो मागे असल्याचं घरच्यांच्या बोलण्यातून कळलं.

ताईंना त्याची कणव आली आणि त्यांनी तास वाढवायचा विचार केला. मी थांबवलं. हालचालींच्या समन्वयाचा विकास मागे राहणं ही शाळकरी वयातल्या साधारण पाच-सहा टक्के मुलांत आढळणारी गोष्ट आहे. लेखनाची अध्ययन अक्षमता वेगळी, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. नजरेचाही दोष असू शकतो. यातलं काय आहे हे ताईंनी सांगायचं नाही, मीही सांगायचं नाही. पण काहीतरी तपासायला हवं आहे, हे सांगायचं टाळणं म्हणजे त्या मुलाचं वर्ष वाया घालवणं.

त्यांनी पालकांना एक चिठ्ठी दिली. तिची भाषा आम्ही दोघांनी मिळून बसवली:

'मी सहा तास त्याच्यासोबत बसले. त्याला उत्तरं येतात, तोंडी तो पूर्ण वाक्यांत सांगतो. लिहिताना दोन ओळींनंतर हात दुखतो म्हणतो. तोच शब्द एका पानावर वेगवेगळा लिहितो. सरावाने यात बदल दिसला नाही. याचं कारण सांगण्याचं शिक्षण माझ्याकडे नाही. आधी डोळे तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांना ही चिठ्ठी दाखवावी. तपासणी होईपर्यंत मी शिकवणी थांबवते आहे. उरलेल्या तासांचे पैसे परत देत आहे.'

वडील रागावले. डॉक्टरकडे जावं लागू नये म्हणूनच तर ते शिकवणीकडे आले होते. 'तुम्हाला जमत नाही असं सरळ सांगा ना,' असंही म्हणाले. ताईंनी शांतपणे सांगितलं, 'मला जमत नाही, हे खरंच आहे. ज्यांना जमतं त्यांच्याकडे पाठवते आहे.' महिने गेले. तपासणी झाली, मुलाला ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली आणि परीक्षेत जादा वेळ मिळाला. पुढे थेरपिस्टनीच निरोप पाठवला, की अक्षरांच्या क्रमाचा सराव आठवड्यातून एकदा ताईंनी घ्यावा. कशाचा घ्यायचा आणि कशाचा नाही, याची यादी थेरपिस्ट देतात. ताई त्या यादीबाहेर जात नाहीत.

पदवीधर शिक्षकालाही हे करता आलं पाहिजे. पण पदवी नसलेल्याने हे आधी शिकावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्याच्या हातून एक मूल जरी चुकीच्या वाटेला अडकलं, तरी लोक पहिलं बोट त्याच्या शिक्षणावर ठेवतील.

'तुमचं शिक्षण काय?'

सुरुवातीला ताई या प्रश्नाला बगल द्यायच्या. 'चालू आहे एक कोर्स,' असं काहीतरी म्हणायच्या. समोरच्याला ते कळायचं, आणि विश्वास तिथेच उडायचा. आता त्या असं बोलतात:

'मी बारावीपर्यंत शिकले आहे. कॉलेज केलेलं नाही.'

'मग हे शिकवायचं कुठे शिकलात?'

'लिहायचं काम वर्षानुवर्षं केलं. शिकवायचं एका जाणकाराकडून शिकते आहे, अजूनही. ही फाइल बघा, मग ठरवा.'

फाइलमध्ये मुलांची नावं झाकलेली असतात आणि पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही पान त्यात जात नाही. प्रत्येकाचं पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, मधल्या तारखा. फक्त हाताचे फोटो, चेहरा नाही. ज्यांच्यात फारसा फरक पडला नाही त्यांचीही पानं आहेत, ती काढायची नाहीत असा माझा आग्रह होता. एका आईने नेमकं तसंच पान काढून विचारलं, 'याचं काय झालं?' ताईंनी सांगितलं: मुलगा घरी सराव करत नव्हता, माझ्याकडून त्याला गोडी लागली नाही, दोन महिन्यांनी थांबलो. त्या आईने त्याच दिवशी आपल्या मुलीचं नाव घातलं.

सर्टिफिकेटचा प्रश्न मागाहून आला, तोही सुटला. पदवीची अट नसलेले छोटे अभ्यासक्रम असतात. त्यांतला एक ताईंनी केला, पण निवडताना निकष बदललेला होता. सुलेखन शिकवणारे कोर्स त्यांनी बाजूला ठेवले, कारण सुंदर लिहिणं त्यांना येतच होतं. मुलांच्या लेखनाचा विकास, बैठक, डावखुरेपणा आणि अडचणीची लक्षणं यांवर भर असलेला त्यांनी घेतला. पालकांना त्या कोर्सचं नाव सांगतात आणि तो पदवी नव्हे हेही सांगतात.

दोन गोष्टींना त्यांनी सरळ नकार दिला आहे. ठराविक दिवसांत अक्षर बदलून देण्याची हमी त्या देत नाहीत. पैसे तासांचे घेतात, निकालाचे नाही. आणि अक्षरावरून स्वभाव सांगत नाहीत. कोणी ना कोणी विचारतंच, 'याची अक्षरं खाली उतरतात, आत्मविश्वास कमी आहे का?' ताई म्हणतात, 'वही सरळ ठेवली आहे, ती तिरकी करून बघू.' हस्ताक्षरावरून व्यक्तिमत्त्व ओळखण्याच्या दाव्यांना नीट केलेल्या चाचण्यांत आधार मिळालेला नाही, आणि मुलाच्या ओळी उतरतात म्हणून त्याच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसावा, यासारखा अन्याय नाही. यात पैसा आहे, मागणी आहे, आणि पदवी नसलेल्याला तो मोह लवकर होतो. ताईंना झाला नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

सध्याची स्थिती

एका शाळेने ताईंना बोलावलं. मुख्याध्यापकांना त्यांचं काम आवडलं होतं आणि कायम नेमणूक द्यायची इच्छा होती, पण पात्रतेची अट आडवी आली. तिथे पदवीचा प्रश्न खरा होता आणि फाइल दाखवून तो सुटणारा नव्हता. त्यातून एक मधला मार्ग निघाला: आठवड्यातून एकदा, वर्गशिक्षिका वर्गात असताना, पाहुण्या म्हणून एक तास. ताईंनी एक अट घातली. पहिले दोन तास त्या काही शिकवणार नाहीत, मुलं लिहीत असताना बाकांमधून फिरतील आणि टिपणं घेतील. शाळेला हे आधी विचित्र वाटलं. टिपणं हातात पडल्यावर वर्गशिक्षिकेने त्यांतली एक गोष्ट लगेच अमलात आणली: ज्या मुलांच्या वहीत भ चा म आणि ध चा घ दिसतो, त्यांना तो शब्द आधी तोंडी विचारायचा, आणि मगच शुद्धलेखनाचे गुण कापायचे की नाही ते ठरवायचं.

पदवी घ्यावी का, हे ताईंनी अलीकडे मला पुन्हा विचारलं. शाळेत कायम काम करायचं असेल तर घ्या, मी म्हटलं, दूरशिक्षणाने होईल. घरच्या शिकवणीसाठी लागत नाही. त्या विचार करताहेत. दरम्यान एका वेळी चारपेक्षा जास्त मुलं त्या घेत नाहीत, कारण पाचव्या मुलाचा हात दिसत नाही.